बारा मिनिटांचा फोटो

माणसाला आडवं करायचं, कानांवर जाड ठोकळे लावायचे, हातात रबरी फुगा द्यायचा आणि सांगायचं, "जीव घाबरला तर दाबा, पण शक्यतो घाबरू नका." मग बटण दाबून त्याला बोगद्यात सरकवायचं. गादीमास्तरने सव्वीस वर्षं हेच केलं.

इस्पितळाच्या तळघरात एमआरआयची खोली. जाड काचेच्या अलीकडे मास्तरची खुर्ची, दोन पडदे, एक कळफलक. मशीनला गारवा लागतो म्हणून बाहेर ऊन रणरणत असलं तरी मास्तर अंगात स्वेटर घालून बसलेला. आत म्हणजे नुसतं लोहचुंबक, हत्तीएवढं. किल्ल्या, पट्टे, कवळ्या, सगळं बाहेर काढून ठेवायचं. एकदा एका जावयाने घाईघाईत सासऱ्याला चाकाच्या खुर्चीसकट आत लोटलं. खुर्ची उडाली आणि जाऊन मशीनला चिकटली, सासरा जागेवरच फरशीवर बसला. "तुमचं माझ्यावर प्रेम किती ते कळलं," असं सासरा बसल्या जागेवरून म्हणाला. मास्तर ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसायचा.

गादीमास्तर हे नाव त्याला मिळालं ते पाठीच्या फोटोंवरून. दोन मणक्यांच्या मध्ये जी मऊ चकती असते तिला लोक गादी म्हणतात. पाठ खाल्लेली माणसं तळघरात यायची. खाल्लेली म्हणजे खरोखर खाल्लेली. फोटोत मणका उंदराने कुरतडल्यासारखा दिसायचा. आता खाणारा कोण, हा प्रश्न. जंतू असेल तर गोळ्या घेऊन माणूस वर्षभरात पुन्हा पोती उचलतो. कॅन्सर दुसरीकडून येऊन हाडात बसला असेल तर मग काय बोलायचं. मास्तरने हजारो पाठी बघून एक नियम बसवला होता: गादी खाल्ली तर जंतू, गादी वाचली तर कॅन्सर. जंतू गादीत शिरतो आणि वरखालचे दोन्ही मणके पोखरतो. कॅन्सर रक्तातून येतो, हाडात मुक्काम ठोकतो, गादीला शिवत नाही. नियम चांगला होता. बहुतेक वेळा लागूही पडायचा. त्यानेच घात केला.

रिपोर्ट लिहायचं काम वरच्या मजल्यावरच्या मॅडमचं. तळघरातल्या माणसाने तोंड उघडायचं नाही असा कायदा. पण नातेवाइकांना दम कुठला? पेशंट बोगद्यातून बाहेर यायच्या आत ते दाराशी उभे. "मास्तर, काय दिसलं?" मास्तर कायदा मोडत नसे. गादी खाल्लेली असली तर तो म्हणायचा, "पाणी पाजा पेशंटला." आणि वाचलेली असली तर फाइल बंद करत सहज विचारायचा, "घरी अजून कोण कोण आहे?"

बस्स, एवढंच. पण ही गोष्ट सगळ्या इस्पितळात पसरलेली. वॉर्डात बायका एकमेकींना विचारायच्या, "मास्तरने पाणी पाजायला सांगितलं का?" आणि एखादी नुसतीच मान हलवून भिंतीकडे बघत बसली की बाकीच्या समजायच्या, हिला घरची माणसं विचारली. मास्तरला हे माहीत होतं. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचंही. धिप्पाड धिप्पाड माणसं त्याच्या तोंडाकडे लहान पोरासारखी बघायची. दुसरीकडे कुठे त्याच्याकडे कोणी असं बघत नव्हतं.

एकदा मॅडम स्वतः खाली आल्या.

"मास्तर, मघाच्या बाईंना तुम्ही विचारलंत, घरी कोण आहे म्हणून?"

"सहज विचारलं, मॅडम. माणुसकी."

"तुमची माणुसकी माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडत बसलीय. या इकडे." त्यांनी पडद्यावर एक जुना फोटो उघडला. "ही गादी बघा. काय म्हणता?"

"वाचलीय."

"म्हणजे?"

"कॅन्सर."

"टीबी आहे. सुई घालून तुकडा काढला तेव्हा कळलं. टीबीचा जंतू आळशी. गादी शेवटी खातो, कधी कधी खातच नाही. हाडांच्या पुढच्या पडद्याखालून पू खाली घसरवत राहतो. ही पांढरी पट्टी दिसते? फोटोत आडवे काप काढले, काकडीच्या चकत्यांसारखे, की बाजूच्या मांसात पुवाची पिशवी सापडते. आडवे काप बघितल्याशिवाय आणि सुई घातल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. मी नाही घेत, तुम्ही कोण?"

"बरोबर आहे, मॅडम," मास्तर म्हणाला. माशी हाकलताना माणूस हात हलवतो ना, तसं म्हणाला. मॅडम वर गेल्या. मास्तरने मनात धरलं, असेल एखादा. आणि नियम होता तसाच ठेवला.

आता त्याच्या थोरल्या भावाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

दादा लाइनमन होता. वादळ झालं, तारा तुटल्या, अख्खी वस्ती अंधारात बसली की दादा कमरेला चामड्याचा पट्टा अडकवून खांबावर चढायचा आणि वरून खालच्या लोकांना शिव्या द्यायचा. लोकांना त्या शिव्या गोड लागायच्या, कारण पाठोपाठ दिवे यायचे. साठीला टेकला तरी पोटऱ्या अशा, की दगड मारला तर दगड फुटेल. लहानपणी त्याने धाकट्याला एका खांबावर चढवलं होतं. धाकटा दोन पुरुष उंचीपर्यंत गेला आणि तिथेच खांबाला मिठी मारून थिजला. वर जाईना, खाली येईना. दादाने गल्लीतली पोरं गोळा केली. धाकट्याची चड्डी ओली झाली ती सगळ्यांनी खालून पाहिली. तेव्हापासून दादाच्या तोंडी त्याचं नाव भित्र्या. लग्नात भित्र्या, बापाच्या तेराव्याला भित्र्या, सुनेसमोर भित्र्या.

"काय करतो हल्ली तुमचा भाऊ?" कोणी विचारलं की दादा सांगायचा, "फोटो काढतो. बसून. झोपलेल्या माणसांचे." आणि लोक हसायचे. मास्तरही हसायचा. पन्नाशी उलटली तरी हसायचा.

मग दादाची पाठ दुखायला लागली. आधी तेल चोळलं, मग मलम, मग कमरेला गरम पाण्याची पिशवी. दोन महिने गेले. शेवटी वहिनीचा फोन आला.

"भावोजी, हे आता सरळ बसत नाहीत. संध्याकाळी अंग कोमट लागतं. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलाय."

"केसपेपर काढा, ओपीडीत दाखवा. डॉक्टर लिहून देतील."

मागून दादाचा आवाज आला, "माझा भाऊ तळघरात बसलाय आणि मी रांगेत उभा राहू? विचार त्याला, कधी येऊ!"

घरच्या माणसाचं काम असंच होतं. परका असता तर रांगेत उभा राहिला असता, कागदावर नाव चढलं असतं, फोटो वर मॅडमकडे गेला असता. घरचा म्हणून वहिनीला घेऊन मागच्या जिन्याने आला.

मशीन नीट चाललंय की नाही हे बघायला रोज दुपारी एक चाचणी असते. पाण्याने भरलेली एक गोल बाटली आत ठेवायची आणि तिचा फोटो काढायचा. त्याचा रिपोर्ट लागत नाही, तो कोणी बघत नाही, आठवड्याने आपोआप पुसला जातो. त्या चाचणीला मिळतात बारा मिनिटं. पाठीच्या पुऱ्या फोटोला लागतात चाळीस. मास्तरने बाटली बाजूला ठेवली आणि तिच्या जागी भावाला निजवलं. मशीनमध्ये दादाचं नाव पडलं: पाणी.

"हे काय गळ्यापर्यंत कोंबतोस मला? शवपेटी आहे का?" दादा आतून ओरडला.

"हलू नकोस. बोलू नकोस."

दादा गप्प झाला. मास्तरने सांगितलं आणि दादा गप्प बसला, असं जन्मात पहिल्यांदा झालं.

उभे काप निघाले. पाठ जिथे कमरेला उतरते तिथले दोन मणके गेलेले, कडा कुरतडलेल्या, एक पुढच्या अंगाला चेपलेला. दोघांच्या मधली गादी साबूत, तासून ठेवल्यासारखी. मणक्यांच्या पुढून एक पांढरी पट्टी खाली उतरली होती. ती मास्तरने पाहिली. नाही असं नाही, पाहिली. पण बारा मिनिटं संपत आली होती, दोनचा पेशंट बाहेर बाकावर बसला होता, आणि आडवे काप काढायला आणखी अर्धा तास हवा होता. त्याने बटण दाबून भावाला बाहेर काढलं.

कपडे बदलायच्या खोलीत दादा इस्पितळाचा निळा झगा घालून बाकावर बसला होता. मागची नाडी सुटलेली, उघडी पाठ, पायात काही नाही. मास्तर दारात उभा. दादा वर बघत होता. बाकीचे बघायचे तसाच.

"पाणी पाजायला नाही सांगितलंस वहिनीला," दादा म्हणाला.

मास्तरने मागे दार लोटून घेतलं.

"घरी कोण कोण आहे, तेही नाही विचारलंस. तुझं ते मला ठाऊक आहे, भित्र्या. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"घरी कोण आहे ते मला माहीत आहे, दादा."

दादाने झग्याची नाडी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "नाव घे."

इथे मास्तरला थांबता आलं असतं. मॅडमचं बोलणं त्याच्या कानात होतं, त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. पण समोर दादा बसला होता, उघड्या पाठीचा, आणि नाव घ्यायला सांगत होता ते त्याला, भित्र्याला.

"कॅन्सर," मास्तर म्हणाला.

"नक्की?"

"गादी वाचलीय."

"टोचून बिचून बघतात म्हणे."

"सुई घालतात. मणक्यात."

"त्याने नाव बदलतं का?"

मास्तरने स्वेटरची बाही खाली ओढली. "सहसा नाही."

"मग कशाला टोचून घेऊ? मेलेल्याला टोचतात का कुठे!" दादा उठला, भिंतीला धरून पँट चढवायला लागला. एक पाय घालून थांबला. "किती?"

"तीन महिने. चार."

"बघ, हे मात्र तू बसून छान काढलंस," दादा म्हणाला.

आता दादा रडत बसेल असं तुम्हाला वाटेल. दादा त्यातला नव्हता. त्याने मनात हिशोब लावला: तीन महिन्यांनी जायचंच आहे तर आता कोणाची भीड? आयुष्यभर जे पोटात ठेवलं ते बाहेर काढायचं त्याने ठरवलं. मरणाऱ्याला कोण काय म्हणणार?

पहिला नंबर घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंप्याचा. वीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी पत्ते खेळत. दादाने भर डावात पानं खाली ठेवली. "वीस वर्षं तू चोरी करतोस. बाहीत पान ठेवतोस, तेही इतकं गबाळं, की आंधळ्याला दिसेल. मी बोललो नाही, कारण तुझ्याकडे दुसरं कोणी येत नाही." शिंपी पत्ते गोळा करून निघून गेला. पत्त्यांचा कॅट तेवढा घेऊन गेला, तो त्याचा होता.

मग मुलगा. तो लांबच्या शहरात नोकरीला. बापाला कॅन्सर आहे कळल्यावर त्याने रडत फोन केला. दादा म्हणाला, "रडू नकोस, तसाही तू माझ्यावर गेलाच नाहीस. काकावर गेलास. तुझ्या हातातून कधी काही झालं नाही, होणार नाही. तुझी बायको तुला पुरून उरेल." फोन बंद झाला. नंतर दादाने लावला तो नुसताच वाजत राहिला.

आणि वहिनी. तिने त्या दुपारी त्याची पाठ शेकली होती, जेवणाचं ताट पुढे ठेवलं होतं. दादा घास घेत म्हणाला, "खरं सांगू? मला तुझ्या बहिणीशी लग्न करायचं होतं. बत्तीस वर्षं रोज वाटलं."

वहिनीने ताट उचललं नाही. पाण्याचा पेला तेवढा थोडा पुढे सरकवला, म्हणजे सांडू नये.

मास्तरच्या वाट्याला पट्टा आला. खांबाचा, चामड्याचा, लोखंडी कड्यांचा, घामाने काळा पडलेला. "हा तुला. चढू नकोस, पडशील. खुंटीला टांग आणि आल्यागेल्याला सांग, भावाचा आहे."

मास्तरने तो घरी नेऊन खुंटीला टांगला.

वहिनी मात्र गप्प बसणाऱ्यांतली असली तरी मूर्ख नव्हती. एक दिवस ती तळघरात आली, डब्याची पिशवी हातात.

"भावोजी, त्या वरच्या मॅडमना एकदा दाखवा की फोटो. त्यांच्या तोंडून ऐकलं म्हणजे माझ्या मनाचं समाधान."

दाखवायचा म्हणजे काय दाखवायचं? पाणी नावाचा फोटो? आठवडा उलटून गेला होता, तो पुसलाही गेला होता. आणि नवा काढायचा तर केसपेपर आला, मॅडम विचारणार, आधी कोणी सांगितलं, कधी काढला, कुठल्या वेळात काढला. नोकरीची साडेतीन वर्षं उरली होती.

"दाखवलाय," मास्तर म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"तेच."

वहिनी मान हलवून गेली. जाताना पिशवीतला डबा टेबलावर ठेवला. तुमच्यासाठी आणलाय म्हणाली. मास्तरने तो खाल्ला.

तीन महिने झाले. दादा मेला नाही. चार झाले. वजन उतरलं, पण जीभ तशीच. "कुठे अडकलंय तुझं मरण?" मास्तर भेटायला आला की त्याला विचारायचा. "रांगेत उभं आहे का? मागच्या जिन्याने ये म्हणावं."

पाचव्या महिन्यात पायांना मुंग्या आल्या. मग एका सकाळी दादा उठायला गेला आणि कमरेखालचा दादा उठलाच नाही. वहिनीने फोन केला.

"पाय गेले, भावोजी. चिमटा काढला तरी कळत नाही. लघवीचंही कळत नाही."

मास्तरच्या काचेपलीकडे मशीनचा ठक ठक आवाज येत होता. "असंच होतं शेवटी शेवटी," मास्तर म्हणाला. "आता त्रास देऊ नका त्यांना."

त्रास दिला नाही कोणी. पाच आठवडे दादा अंथरुणावर, वहिनी त्याच्या कडेला. ती त्याला कूस बदलून द्यायची, खालचं काढायची, आणि एक शब्द बोलायची नाही. बहिणीचं नाव घरात कोणी काढलं नाही. तोही आता कमी बोलायला लागला होता. बोलायला माणूसच उरला नव्हता.

त्याच दिवसांत त्याच्या जांघेत गाठ आली. लिंबाएवढी, मग मोसंब्याएवढी. तांबडी नाही, गरम नाही, दुखणारी नाही. एका सकाळी अंग पुसताना फुटली. वाटीभर पिवळं, दह्याच्या पाण्यासारखं. वहिनीने ते फडक्यावर घेतलं आणि बराच वेळ बघत बसली. मग मास्तरला फोन लावला.

"कॅन्सरमधून पू येतो का, भावोजी?"

मास्तरने फोन ठेवून दिला. तिला तेवढं पुरलं.

ती दादाला घेऊन त्याच इस्पितळात आली, पण पुढच्या दाराने. रांगेत उभी राहिली, केसपेपर काढला, डॉक्टरने पू पाहून लगेच फोटो लिहून दिला. दोन वॉर्डबॉयनी दादाला उचलून बोगद्यासमोर आणलं. ड्युटीवर कोण? मास्तरच. मॅडम खाली येऊन त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"आडवेही काढा," मॅडम म्हणाल्या. "खाली जांघेपर्यंत."

चाळीस मिनिटं लागली. आडवे काप एकेक करून पडद्यावर उतरायला लागले. मणक्याच्या दोन्ही बाजूंना पुवाच्या पिशव्या, पातळ गुळगुळीत भिंतीच्या, एक पार मांडीपर्यंत लोंबलेली. मधला मज्जारज्जू दोरीसारखा पिळून चपटा झालेला. गादी अजूनही बरीचशी साबूत.

"तुम्ही काय म्हणाला असता, मास्तर?" मॅडमनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. शिकवायची सवय म्हणून विचारलं.

मास्तरने कळ दाबून पुढचा काप उघडला.

सुई घातली, तुकडा तपासला. टीबी. ऑपरेशन करून पू काढला, मणके पट्ट्यांनी बांधले, गोळ्या सुरू झाल्या. मॅडम वॉर्डात आल्या, तेव्हा दादा उशीला टेकून होता, वहिनी खुर्चीत, मास्तर पायथ्याशी.

"हा आजार बरा होतो, आजोबा. गोळ्या चुकवायच्या नाहीत, वर्ष दीड वर्ष."

"म्हणजे मी मरत नाही?"

"यात तरी नाही."

एवढी चांगली बातमी, पण दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होती. आयुष्यभर पोटात ठेवलेलं सगळं बाहेर सांडून झालं होतं, आणि आता त्याच माणसांत जगायचं होतं.

"आणि पाय?" दादाने विचारलं.

"पाय जाऊन पाच आठवडे झाले. अवघड आहे. पाय गेले त्याच दिवशी आणलं असतं तर काही सांगता आलं असतं. आणि दुखायला लागलं तेव्हा आणलं असतं, तर तुम्ही चालत घरी गेला असतात." मॅडमनी फाइल उघडली. "याआधी कुठे फोटो काढला होता का पाठीचा?"

मास्तरच्या कपाळावर घाम, आणि अंगात तो स्वेटर. वहिनीने सावकाश मान वळवली, दिराकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि म्हणाली, "नाही. कुठेच नाही."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मास्तर तिच्या मागे धावला. "वहिनी, तुमचे उपकार..."

"उपकार कसले?" वहिनी म्हणाली. "तुमची नोकरी गेली, तर तुम्ही लाजेने दुसऱ्या गावाला पळाल. मला ओळखता येतं ते. यांना सकाळी उचलायला माणूस लागणार. मुलगा येणार नाही. शिंपी येणार नाही. मी जेवण देईन, गोळ्या देईन. उचलणार नाही. बत्तीस वर्षं उचललं."

म्हणून मास्तर रोज सकाळी सहाला यायचा. पावसात यायचा, तापात यायचा. भावाला पलंगावरून उचलायचा, भोकाच्या खुर्चीत बसवायचा, धुवायचा, पुसायचा, लघवीच्या नळीची पिशवी बदलायचा. दादाला कमरेत बळ नव्हतं. चाकाच्या खुर्चीत बसवलं की तो पोत्यासारखा पुढे कोसळायचा. एकदा नाकावर पडला.

"भावोजी, तो पट्टा आणा," वहिनी म्हणाली.

कोणता ते विचारावं लागलं नाही. मास्तरने खुंटीवरून काढून आणला. खुर्चीच्या पाठीमागून घेऊन दादाच्या छातीखालून आवळायचा होता. कडी, बक्कल, परत कडी. मास्तर गुडघ्यावर बसला आणि खटपट करायला लागला.

"उलटं घातलंस," दादा वरून म्हणाला. "मोठी कडी डावीकडे. डावीकडे म्हणतो मी."

"लागली."

"लागली नाही, टेकली. खांबावर असतो तर मेलो असतो." दादा खिडकीतून समोरच्या खांबाकडे बघत होता. त्याचे पाय खुर्चीच्या पायट्यावर ठेवले होते, कोणीतरी काढून ठेवलेल्या चपलांसारखे. पोटऱ्या आता मास्तरच्या मनगटाएवढ्या.

तळघरात अजूनही नातेवाईक दाराशी येतात. "मास्तर, काय दिसलं?" मास्तर म्हणतो, "मॅडम सांगतील." त्यांना वाटतं, मास्तरने पाणीही पाजायला सांगितलं नाही आणि घरचंही विचारलं नाही, म्हणजे याहून वाईट काहीतरी असणार. ते आणखीच घाबरतात. त्याला मास्तरचा इलाज नाही. फोटो पडद्यावर आला, की डोळे अजून पहिल्यांदा गादीवरच जातात.

पट्टा लागला. मास्तरने घड्याळाकडे पाहिलं. पावणेसात. ड्युटी सातची. तो गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला.

दादाने हात खाली नेला, अंगठ्याने एक ठोका दिला आणि बक्कल सोडलं. पट्टा लोखंडासकट फरशीवर पडला.

"घाई कसली?" दादा म्हणाला. "बस खाली. पुन्हा लाव. आज चाळीस मिनिटं लागू देत."